सक्त हरकत

पोलीस पाटलाकडं दोन गोष्टी साठतात. अर्जांच्या झेरॉक्स आणि किस्से. माझ्या झेरॉक्स वाळवीनं खाल्ल्या. किस्स्यांना वाळवी लागत नाही.

मी सातवी शिकलो. बावीस वर्षं गावचा पोलीस पाटील होतो. गाव आष्ट्याच्या अलीकडं, नदीकाठी. घरी बसून आता सहा वर्षं झाली. तरी महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ रिटायर पाटील स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर जमतो. पूर्वी ठाण्यात मीटिंगला जमायचो, तीच माणसं. कुणी नवा आला की जुने किस्से निघतात. लोक हसतात.

एक किस्सा मी गाड्यावर सांगत नाही. तो एका ओळीचा आहे. ती ओळ मी माझ्या हातानं चार वेळा लिहिली आणि तिच्यापायी एका माणसाला आपली आई शेवटची बघता आली नाही. तो शेवटी सांगतो. आधी बाकीचे ऐका, म्हणजे आम्ही कसली माणसं होतो ते कळेल.

*

जन्मठेपेच्या कैद्याला अधूनमधून घरी यायला रजा मिळते. तो जेलातून अर्ज करतो. अर्ज पोलीस ठाण्यात येतो, तिथून गावच्या पाटलाकडं. पाटलानं लिहून द्यायचं, हा गावात आला तर काही गडबड होईल का? ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांचं म्हणणं काय?

घरी जाऊन विचारायचं असतं. कोण जातंय!

आमच्यातले सगळ्यात जुने रामू अण्णा. त्यांनी एक वाक्य बसवून ठेवलं होतं. 'सदर कैदी गावी आल्यास शांततेचा भंग होण्याचा दाट संभव आहे.' नवा पाटील नेमला की पहिल्याच मीटिंगला अण्णा त्याला हे वाक्य उतरवून द्यायचे. आशीर्वाद दिल्यासारखं!

बाजीराव पाटलानं हे वाक्य एका माळावरच्या वस्तीसाठी लिहिलं. फौजदार साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"पाटील, वस्तीवर माणसं किती?"

"सात, साहेब."

"त्यातली कैद्याच्या घरची किती?"

"साती त्येच्याच घरची."

"मग शांतता कोण भंग करणार?"

बाजीरावनं बराच विचार केला. म्हणाला, "साहेब, चार कुत्री हायत की!"

ठाणं हसून लोळलं. रिपोर्ट तसाच वर गेला. त्या सात माणसांचं पुढं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

*

एकदा चहाच्या गाड्यावर टीव्ही चालू होता. बातमी वाईट होती. लहान पोरीची. जास्त सांगत नाही.

आम्ही तिथल्या तिथं कोर्ट भरवलं.

अण्णा म्हणाले, "चौकात फाशी द्या."

दुसरा म्हणाला, "फाशीत काय हाय? दोन मिन्टात मोकळा. हात-पाय तोडून सोडा."

बाजीरावचं गुऱ्हाळ आहे. तो म्हणाला, "माझ्याकडं आणा. रस उकळाय लागला की काहिलीत सोडतो. एकदम न्हाई. जरा जरा."

सगळ्यांनी माना डोलवल्या. मी तर मांडीवर थाप मारली. म्हटलं, "ढकलायला मी येतो!"

गाडेवाला शंकर कप विसळत होता. वर न बघता म्हणाला, "आन पाटील, मागनं त्यो गूळ कुनाच्या पोरास्नी खायाला घालायचा?"

 बाजीरावनं अर्धा चहा तसाच ठेवला. साखर जास्त झाली म्हणाला.

आमचा राग खोटा नव्हता. पण राग आमचा होता आणि पोर दुसऱ्याची होती. तिच्या बापाला काय पाहिजे, हे आमच्यातल्या एकाच्याही तोंडात आलं नाही.

*

हा किस्सा माझ्याच गावचा.

एका बाईच्या गळ्यातलं ओढताना चाकू मारला म्हणून लोकांनी एक माणूस पकडला. देवळापुढच्या विजेच्या खांबाला बांधला. मला निरोप आला. मी टोपी घातली, मिशीवर हात फिरवला आणि गेलो. माझी मिशी तालुक्यात माहीत होती. साहेब हजेरी घ्यायचे तेव्हा माझं नाव घेत नसत. "मिशी आली का?" एवढंच विचारायचे.

मी गेलो तेव्हा मारायला रांग लागली होती. खरंच रांग! येणारा यायचा, दोन द्यायचा, बाजूला व्हायचा. मी पाटील. मला रांग नव्हती. मीही दोन दिल्या.

तेवढ्यात माझी बायको तांब्या घेऊन आली. ती पाटणकडची, डोंगरातली. बोलणं कमी. सरळ गेली आणि त्याच्या तोंडाला तांब्या लावला. मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"मारताय न्हवं? मारा की. पानी पिऊ द्या आदी."

लोक जरा थांबले. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. समोर एकजण बाह्या सरसावून उभा होता, घामाघूम. त्याला विचारलं, "काय केलं रं ह्यानं?"

"काय म्हाईत पाटील! मी आत्ताच यष्टीतनं उतरलोय."

हा किस्सा गाड्यावर सगळ्यात जास्त चालतो. माझ्या दोन थपडा मात्र मी त्यात सांगत नाही. आज सांगितल्या.

*

ज्ञानू तात्या आमच्यातला वेगळा. अण्णांचं वाक्य त्यानं कधी उतरवून घेतलं नाही.

त्याच्या गावच्या एका खुन्याला रजा मंजूर झाली. पण भाऊ जामीन राहीना आणि गाव दारात उभं करीना. तात्या स्वतः जामीन राहिला. त्याला आपल्या गोठ्यात जागा दिली. रजेवर आलेल्या कैद्यानं रोज ठाण्यात येऊन सही करायची असते. तो रोज सायकलवर यायचा. खुनी पुढं पायडल मारतोय आणि पाटील मागं कॅरेजवर!

साहेब म्हणाले, "तात्या, तुम्ही ह्याला हजर करताय का हा तुम्हाला?"

"गुडघा दुखतोय साहेब. आन ह्येला चढ दमवत न्हाई."

रजा संपली. त्या माणसानं गोठा झाडला, म्हशीला वैरण टाकली आणि आपला आपण गाडीत बसून जेलात परत गेला. तात्या महिनाभर तक्रार करत होता, "म्हस त्येच्याबिगार धार दीना."

मी भर मीटिंगमध्ये त्याला नाव ठेवलं. 'खुन्याची मावशी.' नाव चिकटलं. पुढं साहेबसुद्धा म्हणायला लागले.

तात्या चिडला नाही. मला म्हणाला, "आप्पा, मावशी तर मावशी. आई व्हायची आपली लायकी न्हाई गड्या."

त्यावरही आम्ही हसलो.

*

आता माझ्या गावच्या खुनाचं.

हौसावहिनी आणि गोदावहिनी, दोघी विधवा. दोघींच्या घरांत एकच भिंत. हौसावहिनीचा दिलीप कुपवाडला कारखान्यात कामाला, दुचाकीवर जाऊन येऊन. सुट्टीच्या दिवशी शेताला पाणी पाजायचा. गोदावहिनीचा संपत पूर्णवेळ शेतीत. दोघं एका पाटावरचे. एका सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या पाळीवरून बाचाबाची झाली. संपतच्या हातात खोरं होतं. एकच घाव. दिलीप जागेवर गेला.

संपत पळाला नाही. माझ्या दारात आला. खोरं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि म्हणाला, "पाटील, माझ्या हातनं दिलीप मेला. काय असंल ते करा."

पोलिसांची गाडी यायला वेळ होता. तो ओसरीवर गप बसून राहिला असता. पण मला ते पुरेना. मी त्याच्या घरी माणूस पाठवून बैलाचा कासरा आणवला. त्याचे हात मागं बांधले, कासरा हातात धरला आणि त्याला पायी स्टँडवर नेला. सरळ रस्ता सोडून गावातनं नेला. लोक दारात आले. कुणी थुंकलं, कुणी चप्पल मारली. मी अडवलं नाही. चालही वाढवली नाही. गोदावहिनी तिच्या दारात उभी होती. तिथं तर मी थांबलोच.

त्या दिवशी माझी छाती दोन वीत पुढं होती. खोटं कशाला सांगू?

गाडी आली. पोलिसांनी बेड्या घातल्या. मी कासरा सोडला. संपत एवढंच म्हणाला, "पाटील, कासरा घरचाच हाय. तेवढा आईला माघारी द्या."

मी तो दिला नाही. माझ्या ओसरीवर खुंटीला टांगला. पाव्हणे आले की दाखवायचो.

*

संपतला जन्मठेप लागली. तीन-चार वर्षांनी त्याचा रजेचा पहिला अर्ज आला. मी ओसरीवर बसून लिहायला घेतला.

बायको म्हणाली, "हौसाबाईस्नी इचारून या की. चार घरं तर टाकायची."

"त्यात काय विचारायचंय? पोटचं पोर गेलंय बाईचं. ती काय ये म्हणणार हाय?"

"म्हनू न्हाईतर न म्हनू. इचारा तरी."

"मला शिकवू नकोस."

अण्णांचं वाक्य मला मिळमिळीत वाटलं. मी माझं बसवलं. 'मयताच्या आईची सक्त हरकत आहे, असे तिने समक्ष सांगितले.' खाली सही, शिक्का.

साहेब खूश! मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. "बघा, रिपोर्ट असा पाहिजे. सक्त! समक्ष!"

त्याच महिन्यात बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं. माझं वाक्य चार गावांत गेलं. दुसऱ्या वर्षी अर्ज आला, मी पुन्हा तेच लिहिलं. संपतला दोन्ही वेळा रजा मिळाली नाही.

*

मग एका वर्षी नदी गावात आली.

नावेतनं माणसं काढायची ड्युटी माझ्याकडं होती. हौसावहिनी आणि गोदावहिनी एकाच फेरीला आल्या. मी शहाणपणा केला. दोघींना नावेच्या दोन टोकांना बसवलं. मधे पाच माणसं, दोन शेळ्या. शाळेत राहायची सोय होती. तिथंही मी बंदोबस्त केला. गोदावहिनीला पहिलीच्या वर्गात टाकली, हौसावहिनीला चौथीच्या.

सकाळी बघायला गेलो. पहिलीत गोदावहिनी नाही. चौथीत हौसावहिनी नाही.  पळत तिसरीच्या वर्गात गेलो. दोघी एका घोंगडीवर बसून चहा पीत होत्या.

हौसावहिनी म्हणाली, "काय पाटील? ही पहिलीतनं वर आली, मी चौथीतनं खाली आले. तिसरीत गाठ पडली!"

बायका हसायला लागल्या. मला बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, हिच्या पोरानं तुमचा दिलीप..."

"ते मला सांगू नगासा. मला म्हाईत हाय. दोन वरसं हिचं तोंड बघितलं न्हाई मी. भिंतीपल्याड ही रडायची, अल्याड मी. मग एक दिस मलाच कट्टाळा आला, म्हटलं एकीकडंच रडू." तिनं कप खाली ठेवला. "माझा ग्येला. हिचा हाय पर दिसत न्हाई. घोंगडं येकच हाय, फाडू काय?"

"म्हणजे तुम्ही संपतला माफ केलं?"

"कुनी सांगितलं? म्होरं आला तर आशी थोबाडीत दीन की दात हातात यील!" मग गोदावहिनीकडं बघून म्हणाली, "पर थोबाडीत द्याला त्यो म्होरं यायाला तर पायजे. सरकार त्येला सोडतच न्हाई."

गोदावहिनी खाली मान घालून म्हणाली, "सोडत न्हाई बया."

मी तिथनं बाहेर आलो. पाणी किती उतरलं ते बघायला आलो, असं मनाला सांगितलं.

महिनाभरानं तिसरा अर्ज आला. मी दौत-टाक घेतल्यासारखा पेन धरून पुष्कळ वेळ बसलो. हरकत नाही असं लिहिलं, तर आधीच्या दोन वर्षांची हरकत कुणाची होती? साहेब विचारणार. समक्ष म्हणजे कुठं, कधी? तालुक्यात वाहवा झालेलं वाक्य. मागं कसं घेऊ?

लिहिलं. 'सक्त हरकत आहे.'

बायको आतून बघत होती. ह्या वेळी ती काहीच बोलली नाही.

*

चौथा अर्ज उन्हाळ्यात आला. त्यावर कारण लिहिलं होतं, आई अत्यवस्थ.

गोदावहिनी खरंच अंथरुणाला खिळली होती. हौसावहिनी तिचं सगळं करत होती. मला माहीत होतं. रोज त्याच आळीतनं जात होतो. तरी हात आपला आपण चालला. चौथ्यांदा लिहायला तर विचारही लागला नाही.

अर्ज नामंजूर झाला. आठ दिवसांत गोदावहिनी गेली.

लोकांनी जेलात फोन केला. तिकडनं सांगितलं, आधीचा अर्ज गावच्या पाटलाच्या रिपोर्टवरनं फेटाळलाय, नव्यानं अर्ज द्या, नवी परवानगी घेऊ, उद्या संध्याकाळपर्यंत बघतो. उन्हाळ्याचं मयत उद्या संध्याकाळपर्यंत ठेवणार कसं? भावकीतला एक पुतण्या मडकं धरायला तयार झाला. तिरडी बांधून झाली.

मी घरात होतो. जायला पाहिजे होतं, गेलो नव्हतो.

हौसावहिनी माझ्या ओसरीवर आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आजवर ती मला 'तुमी' म्हणायची.

"काय लिवलं हुतंस?"

मी म्हटलं, "वहिनी, ते सरकारी काम..."

"वाच."

झेरॉक्स माझ्याकडं होती. वाचली. 'मयताच्या आईची सक्त हरकत आहे, असे तिने समक्ष सांगितले.'

"कोन मयताची आई?"

"तुम्हीच की वहिनी."

"मी कवा सांगितलं?"

मी झेरॉक्सची घडी घालायला लागलो.

"कवा रं? येकदा तरी आलास का दारात?"

आतनं बायकोच्या बांगड्या वाजल्या. ती दाराशी येऊन उभी राहिली होती. माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाही.

हौसावहिनी म्हणाली, "चार वरसं आमी दोघी सरकारला शिव्या घालत बसलो. आन सरकार आमच्या म्होरल्या आळीत पान खात बसलंय, ह्ये ठावंच न्हाई आमास्नी! मरताना गोदी मला म्हनली, आक्का, तूच येकदा सरकारच्या पाया पडून बघ. ऊठ."

"कुठं?"

"मडकं तू धरायचंस."

"वहिनी, मी तिचा कोण? भावकी हाय, पुतण्या हाय..."

"पुतन्यानं आडवलं न्हाई त्येला. तू आडवलंस. त्येचं काम तू कर."

मी उठलो. तिनं वर बघितलं. खुंटीवर कासरा होता. तिनं तो काढला आणि खांद्यावर टाकला. काही विचारलं नाही. कुणाचा आहे ते तिला माहीत होतं.

मी मडकं धरून पुढं चाललो. मागं तिरडी. संपतला ज्या वाटेनं बांधून नेला होता, त्याच वाटेनं. तीच दारं, दारांत तीच माणसं. पुतण्या मागं का आणि पाटील पुढं का, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

बायका घाटापर्यंत येत नाहीत. हौसावहिनी आली.

घाटावर सलूनवाला शिवा पाणी, वस्तरा घेऊन बसला होता. अग्नी देणाऱ्याचे केस आणि मिशी आधी उतरवायची, अशी आमच्याकडची रीत. मी त्याच्यापुढं बसलो. त्यानं डोकं भिजवलं, केस काढले. मिशीपाशी त्याचा हात थांबला. लोकांकडं बघत हळूच म्हणाला, "पाटील, तुमी काय पोटचं न्हाईसा. मिशी ऱ्हाऊ द्या की."

भावकीतले दोघं-तिघं म्हणाले, "व्हय, ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे."

मी मनात म्हटलं, सुटलो.

हौसावहिनी मागनं म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. लिव्ह म्हनावं त्येला, 'मिशीची सक्त हरकत हाय. समक्ष सांगितलं!'"

कुणी हसलं नाही.

मी तोंड वर केलं आणि शिवाला म्हटलं, "लाव वस्तरा."